उसन्या शिक्क्यावरचा कारभार: ग्वाटेमालातल्या ‘सिसिग’च्या आयुक्तपदाचा प्रकरण अभ्यास

७ जून २०१० रोजी कार्लोस कास्त्रेसाना यांनी राजीनामा जाहीर केला. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याच्याविरुद्ध स्पेनमध्ये तक्रार दाखल करणाऱ्यांपैकी ते एक. पेशाने सरकारी वकील, आणि मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात सरकारी यंत्रणेत शिरलेल्या गुन्हेगारी जाळ्यांचा तपास करणाऱ्या ‘सिसिग’ या आंतरराष्ट्रीय आयोगाचे पहिले आयुक्त. राजीनाम्याचं तातडीचं कारण एक नेमणूक होती. राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांनी दोनच आठवड्यांपूर्वी कॉन्रादो रेयेस यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलांचे प्रमुख, केलं होतं. रेयेस यांचे गुन्हेगारी टोळ्यांशी लागेबांधे आहेत असा कास्त्रेसाना यांचा आरोप होता, तर रेयेस यांनी तो साफ नाकारला. त्याच आठवड्यात देशाच्या घटना न्यायालयाने रेयेस यांची निवड रद्द केली.

खुर्चीत बसून जे जमलं नव्हतं ते खुर्ची सोडल्यावर झालं.

आंतरराष्ट्रीय कायदा-सुधारणा कार्यक्रमात वरच्या पदावर जायची इच्छा असलेल्या कुणालाही मी आधी हा आठवडा समजून घ्यायला सांगतो. अशा पदांच्या जाहिरातीत पंधरा वर्षांचा अनुभव मागतात, देणगीदारांशी संबंध राखण्याचं कसब मागतात, बहुसांस्कृतिक चमू हाताळता यावा म्हणतात. सही कुणाची चालणार, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. सिसिगचं आयुक्तपद हे या क्षेत्रातलं बहुधा सर्वांत वजनदार पद होतं, आणि तरीही त्याच्याकडे स्वतःचा शिक्का नव्हता. २००७ ते २०१९ ही बारा वर्षं तीन आयुक्तांनी दुसऱ्याच्या शिक्क्यावर कारभार केला. तो कसा केला, कुठपर्यंत जमला आणि कुठे फसला, एवढंच इथे पाहायचं आहे.

पहिला मसुदा का पडला

ग्वाटेमालातलं ३६ वर्षांचं यादवी युद्ध २९ डिसेंबर १९९६ च्या शांतता कराराने संपलं. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा दोन लाखांवर होता. युद्ध संपलं, पण युद्धकाळात लष्करी गुप्तहेर खात्याच्या आडोशाने वाढलेली माणसं कुठे जाणार? ती जकातीत शिरली, पोलिसांत राहिली, काहींनी तस्करीचा धंदा धरला. या अदृश्य जाळ्यांना तिथे ‘बेकायदा संघटना आणि गुप्त सुरक्षा यंत्रणा’ असं लांबलचक नाव आहे. ती मोडून काढायचं आश्वासन सरकारने १९९४ च्या मानवी हक्क करारातच दिलं होतं. ते पाळणार कोण, हा प्रश्न होता, कारण चौकशी करणाऱ्या खात्यांतच झारीतले शुक्राचार्य बसलेले होते.

म्हणून बाहेरच्या आयोगाची कल्पना पुढे आली. २००४ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांशी पहिला करार झाला. त्यात आयोगाला स्वतंत्रपणे खटले भरण्याचा अधिकार दिला होता. ऑगस्टमध्ये घटना न्यायालयाने तो फेटाळला. फौजदारी खटला चालवायचा अधिकार घटनेने ॲटर्नी जनरलला दिलेला आहे आणि तो परक्याला देता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

दुसरा करार १२ डिसेंबर २००६ ला झाला तो हाच धडा घेऊन. तरीही संसदेत तो धूळ खात पडला असता. पण फेब्रुवारी २००७ मध्ये मध्य अमेरिकी संसदेचे एल साल्वादोरचे तीन सदस्य आणि त्यांचा चालक यांचा ग्वाटेमालात खून झाला. अटक झालेले चारही जण पोलीस निघाले, त्यांतला एक तर संघटित गुन्हेगारीविरोधी पथकाचा प्रमुख. काही दिवसांतच त्या चौघांना तुरुंगात, कोठडीत गोळ्या घालून संपवण्यात आलं. कुंपण शेत खातं हे सगळ्यांनाच माहीत होतं. या वेळी ते जगासमोर खाल्लं गेलं. १ ऑगस्ट २००७ ला संसदेने कराराला मान्यता दिली.

खुर्चीच्या हातात काय होतं

नव्या करारात कायदेपंडितांनी एक नामी वाट काढली. ग्वाटेमालाच्या फौजदारी प्रक्रियेत पीडित व्यक्ती किंवा काही संस्था सरकारी वकिलाच्या बाजूने खटल्यात सामील होऊ शकतात. त्याला आपण सहफिर्यादी म्हणू. आयोगाला हीच जागा देण्यात आली. म्हणजे सिसिगचे वकील पुरावे गोळा करणार, कोर्टात उभे राहणार, निकाल पटला नाही तर अपील करणार. पण आरोप ठेवणार ॲटर्नी जनरलचं खातं. अटकेचं वॉरंट काढणार न्यायाधीश, अटक करणार पोलीस, कायदा बदलणार संसद. आयुक्ताला नेमणार संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस, पण आयोग त्यांच्या यंत्रणेचा भाग नाही. पैसा येणार देणगीदार देशांच्या स्वेच्छेने, तोही संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या निधीतून. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत दोन वर्षांची. ती वाढवायची तर देशाच्या राष्ट्राध्यक्षाने तशी विनंती करायची.

या यादीकडे नीट पाहिलं तर आयुक्ताकडे स्वतःच्या अशा दोनच गोष्टी उरतात. एक, आपली माणसं निवडण्याची मुभा. दुसरी, पत्रकारांसमोरचा माईक. बाकी सगळं उसनं.

व्यवस्थापनाच्या चष्म्यातून पाहता या रचनेला नावं ठेवणं सोपं आहे. मला ती शहाणपणाची वाटते. परदेशी न्यायाधीश आणि परदेशी वकील घेऊन वेगळं न्यायालय उभारलं असतं तर खटले कदाचित लवकर चालले असते, पण ग्वाटेमालाचा एकही सरकारी वकील त्यातून तयार झाला नसता. इथे प्रत्येक फाइल दोघांनी मिळून उचलायची होती. त्यासाठी ॲटर्नी जनरलच्या खात्यात एक खास विभाग निघाला. पुढे तो ‘फेसी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातले वकील ग्वाटेमालाचे, पगार ग्वाटेमालाचा. सिसिगचे परदेशी तपास अधिकारी त्यांच्यासोबत बसायचे. फोन-टॅपिंगची नोंद कशी ठेवायची, बँकेच्या व्यवहारांतून माणूस कसा गाठायचा हे एकमेकांच्या टेबलावर शिकवलं गेलं. या क्षेत्रात एरवी प्रशिक्षण म्हणजे हॉटेलातली तीन दिवसांची कार्यशाळा, शेवटी प्रमाणपत्र आणि अहवालात ‘प्रशिक्षित व्यक्ती’ असा एक रकाना. तो रकाना भरून आजवर कुणी तुरुंगात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दोन वर्षांच्या मुदतीचा फटका मात्र रोज बसायचा. उद्या आयोग राहील की नाही हे माहीत नसताना दुसऱ्या देशातला मुरलेला तपास अधिकारी घरदार सोडून का येईल? आला तरी त्याचा करार आखूड. संघटित गुन्ह्याचा तपास दोन-तीन वर्षं खातो, आणि तो पुरा व्हायच्या आत माणूस परत जायची भाषा करू लागतो.

दोन मोबाईल

कास्त्रेसाना यांच्या काळातलं एक प्रकरण मुद्दाम जवळून पाहण्यासारखं आहे, कारण आयोगाची पत तिथे तयार झाली.

१० मे २००९, रविवार. रॉड्रिगो रोझेनबर्ग नावाचा नामांकित वकील सायकल चालवायला बाहेर पडला आणि गोळ्या लागून मेला. त्याच्या अंत्यविधीला एक चित्रफीत वाटण्यात आली. त्यात रोझेनबर्ग स्वतः कॅमेऱ्यात पाहून सांगत होता की तुम्ही हे पाहत असाल तर राष्ट्राध्यक्ष कोलोम यांनी माझा खून केलेला आहे. देश पेटला. कोलोम विरोधकांचे आणि कोलोम समर्थकांचे मोर्चे समोरासमोर उभे राहिले. सरकार कोसळणार अशी चिन्हं होती.

तपास सिसिगकडे आला. आयुक्तासमोर दोन सोपे रस्ते होते. जनमताच्या लाटेवर बसून राष्ट्राध्यक्षांकडे बोट दाखवायचं, नाहीतर ‘तपास चालू आहे’ म्हणत वर्ष काढायचं. तपास अधिकाऱ्यांनी मारेकऱ्यांच्या फोनचा माग काढला आणि तो फिरून रोझेनबर्गच्याच दाराशी आला. त्याने आपल्या एका माणसाकरवी दोन मोबाईल मागवून घेतले होते. एकावरून तो स्वतःलाच धमक्या द्यायचा. दुसरा मारेकऱ्यांशी संपर्कासाठी होता. खासगी दुःखाने खचलेल्या आणि सरकारवर चिडलेल्या या माणसाने स्वतःच्या मरणाची सुपारी दिली होती. १२ जानेवारी २०१० ला कास्त्रेसाना यांनी हे सगळं पत्रकारांसमोर पायरीपायरीने मांडलं.

या निष्कर्षाने कुणाचंच समाधान झालं नाही, आणि म्हणूनच त्याचं मोल मोठं होतं. आयोग कुणाच्याही खिशात नाही हे कळलं. आठ महिन्यांत, देशातल्याच सरकारी वकिलांना सोबत घेऊन, देशाच्याच कायद्याखाली गुंतागुंतीचा खून उलगडता येतो हेही कळलं.

२००९ मध्येच काही कायदे मंजूर झाले. धोकादायक आरोपींसाठी राजधानीत वेगळी ‘उच्च जोखीम’ न्यायालयं निघाली, म्हणजे जिल्ह्यातल्या एकट्यादुकट्या न्यायाधीशाच्या दारात टोळीवाले उभे राहणार नाहीत. माफीच्या साक्षीदाराची तरतूद पक्की झाली. न्यायाधीश आणि ॲटर्नी जनरल यांच्यासारख्या पदांसाठी नावं सुचवणाऱ्या निवड समित्यांच्या कामकाजाचा कायदा आला. सुधारणा कार्यक्रमांत सहसा कायद्याचा मसुदा हेच फलित मानतात, छापून होतो आणि कपाटात जातो. इथे आयोग स्वतः खटल्यात उतरलेला असल्यामुळे कोणत्या कलमाअभावी काम अडतंय हे तो नाव घेऊन सांगू शकत होता.

ज्या कोलोमना या तपासाने वाचवलं त्यांच्याशीच पाच महिन्यांत कास्त्रेसाना यांचं फाटलं. राजीनाम्याचा पत्ता चालला, पण तो एकदाच चालतो. पुढच्या आयुक्ताला तो वापरता येणार नव्हता.

दुसरे आयुक्त कोस्टा रिकाचे फ्रान्सिस्को दालानेसे. त्यांच्या तीन वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सो पोर्तियो २०११ मध्ये ग्वाटेमालाच्या कोर्टात निर्दोष सुटले (पुढे अमेरिकेच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला), आणि दालानेसे यांचं न्यायाधीशांशी जमलं नाही. पण डिसेंबर २०१० मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून क्लाउदिया पास इ पास आल्या होत्या. खातं त्यांनी आतून बदलायला घेतलं. आयुक्त फिका असला आणि ॲटर्नी जनरल खंबीर असली तरी गाडा पुढे जातो. उलट झालं तर जात नाही, हे नंतर दिसलंच.

बंद करायला आलेला माणूस

तिसरे आयुक्त इव्हान वेलास्केस, कोलंबियाचे. तिथल्या राजकारणी आणि निमलष्करी टोळ्यांच्या साट्यालोट्याचा तपास त्यांनी केलेला होता. २०१३ मध्ये ते आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांनी सांगून टाकलं होतं की ही मुदतवाढ शेवटची. म्हणजे काम काय, तर फाइली बांधायच्या, कौशल्यं देशातल्या खात्याला सोपवायची आणि सप्टेंबर २०१५ ला कुलूप लावायचं.

बंद करायला आलेल्या माणसाने मग कामाची पद्धतच बदलली. सुटी सुटी प्रकरणं घेण्याऐवजी पाच विषय ठरवले: जकातचोरी, प्रशासकीय भ्रष्टाचार, निवडणुकीतला बेकायदा पैसा, न्यायखात्यातली लाचखोरी आणि अमली पदार्थांच्या व्यापारातला काळा पैसा. प्रकरण निवडणं हेच अशा पदावरचं सर्वांत मोठं व्यवस्थापकीय काम आहे असं माझं मत आहे. कर्मचारी, निधी, अहवाल हे सगळं त्याच्या मागून येतं. जकात हा विषय निवडण्यामागे साधं गणित होतं. तिथे रोज पैसा फिरतो, रोज फोन होतात, आणि सरकारच्या तिजोरीला पडलेलं भोक कुणालाही समजतं.

१६ एप्रिल २०१५ ला ‘ला लिनेआ’ प्रकरण फुटलं. लिनेआ म्हणजे लाइन, फोनची लाइन. आयातदाराने एका नंबरवर फोन करायचा, लाच ठरवायची आणि जकात थोडीच भरायची. करवसुली यंत्रणेचे आजी आणि माजी प्रमुख अटकेत गेले. टोळीचा म्होरक्या म्हणून नाव आलं ते उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांच्या खासगी सचिवाचं. त्या वेळी तो बाईंसोबत दक्षिण कोरियाच्या दौऱ्यावर होता आणि तिथूनच फरार झाला. नंतर शरण आला आणि माफीचा साक्षीदार झाला. ही तरतूद २००९ मध्ये पक्की झालेली.

पुढचे आठवडे झपाट्याने गेले. शनिवारी शनिवारी राजधानीच्या चौकात माणसं जमायला लागली. मुदतवाढ देणार नाही म्हणणाऱ्या पेरेस मोलिना यांनी २३ एप्रिलला मुदतवाढ मागितली. त्याआधी मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी येऊन त्यासाठी गळ घातलेली होतीच. ८ मे रोजी बाल्देत्ती पायउतार झाल्या. १ सप्टेंबरला संसदेने राष्ट्राध्यक्षांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं, १३२ विरुद्ध शून्य मतांनी. दुसऱ्या रात्री पेरेस मोलिना यांनी राजीनामा लिहिला. ज्याने मुदतवाढीच्या पत्रावर सही केली तोच पाच महिन्यांत कोठडीत गेला.

बाहेरून हा आयोगाचा सर्वोच्च क्षण वाटतो. आतल्या हिशेबाने पाहा: मुदतवाढीची सही ज्या खुर्चीतून येते त्या खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला आता कळलं होतं की ही सही करणं किती महागात पडू शकतं.

नव्वद हजार केत्साल

नवे राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस विनोदी नट होते. ‘भ्रष्टही नाही, चोरही नाही’ ही त्यांची घोषणा, आणि सिसिगला पाठिंबा हे त्यांचं आश्वासन. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःहून २०१९ पर्यंतची मुदतवाढ मागितली. सगळं जुळून आलं होतं. ॲटर्नी जनरल तेल्मा आल्दाना आयोगाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. चौकात अजून लोक होते.

मग जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आणि मुलगा यांना अटक झाली. प्रकरण २०१३ मधलं, म्हणजे मोरालेस सत्तेत यायच्या आधीचं. मालमत्ता नोंदणी कार्यालयाला न झालेल्या जेवणावळीची बिलं लावल्याचा आरोप. रक्कम सुमारे ९० हजार केत्साल, म्हणजे १२ हजार डॉलरच्या आसपास.

या प्रकरण अभ्यासातली खरी गाठ इथे आहे. लाखो डॉलरच्या जकातचोरीचा माग काढलेल्या आयोगाने या फाइलीत हात घालावा का?

वकील म्हणून उत्तर एकच: कायदा रक्कम पाहत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला सोडलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कोर्टातल्या प्रत्येक आरोपीने त्याचं नाव घेतलं असतं. व्यवस्थापक म्हणून प्रश्न सुटत नाही. आयोग इथून बाजूला राहू शकला असता आणि फेसीच्या ग्वाटेमालन वकिलांना एकट्याने खटला लढू देता आला असता. मी त्या जागी असतो तर हे केलं असतं असं वाटतं, पण कबूल करतो की राष्ट्राध्यक्षांच्या घरात या फरकाला कुणी किंमत दिली नसती. भाऊ आणि मुलगा दोघेही ऑगस्ट २०१९ मध्ये निर्दोष सुटले.

माझा आक्षेप त्या अटकेवर नाही, तिच्या आधीच्या वर्षावर आहे. २०१६ हे आयोगाचं भांडवल सर्वांत जास्त असलेलं वर्ष. ते कशात गुंतवलं? घटनादुरुस्तीच्या मोठ्या गाठोड्यात. न्यायाधीशांची निवड, कारकीर्द, नेमणूक समित्या, सगळं एकत्र. त्यातच आदिवासी समाजांच्या पारंपरिक न्यायव्यवस्थेला मान्यता देणारं कलम होतं. कलम योग्यच होतं, पण विरोधकांना पकडायला तेच हँडल मिळालं. देशात दोन कायदे होणार अशी ओरड झाली आणि २०१७ च्या सुरुवातीपर्यंत अख्खं गाठोडं संसदेत अडकून पडलं. त्याच वर्षी आयोगाच्या करारातली सर्वांत कमकुवत ओळ, म्हणजे मुदतवाढ एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात असणं, बदलायला कुणी हट्ट धरला असता तर? निदान सलग सहा वर्षांची मुदत मागता आली असती.

यावर उलट म्हणता येईल की मुदतवाढ संसदेच्या हातात दिली असती तर काय मोठं झालं असतं? सप्टेंबर २०१७ मध्ये याच संसदेने निवडणुकीतल्या बेकायदा पैशाची शिक्षा सौम्य करणारे कायदे घाईघाईने मंजूर केले आणि लोक रस्त्यावर आल्यावर तितक्याच घाईने मागे घेतले. बरोबर आहे. म्हणून हा आक्षेप मी छातीठोकपणे मांडत नाही.

बाहेरून चालवलेलं कार्यालय

२५ ऑगस्ट २०१७ ला आयोग आणि ॲटर्नी जनरल यांनी मोरालेस यांच्या पक्षाच्या प्रचारखर्चावरून राष्ट्राध्यक्षांचंच संरक्षण काढायची मागणी केली. दोन दिवसांनी मोरालेस यांनी वेलास्केस यांना देशातून निघून जायचा हुकूम काढला. परराष्ट्रमंत्र्यांनी सही करायला नकार दिला, तर त्यांचंच पद गेलं. घटना न्यायालयाने हुकूम रोखला.

वर्षभरात पायाखालची जमीन सरकली. एप्रिल २०१८ मध्ये काही बड्या उद्योजकांनी मोरालेस यांच्या प्रचाराला गुपचूप पैसा दिल्याचं जाहीरपणे कबूल करून माफी मागितली. जकातचोर पकडले जात होते तोवर आयोग ठीक होता. तपास कंपन्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरल्यावर उद्योगविश्वातली बरीच मंडळी दुरावली. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सिनेटर मार्को रुबियो यांनी एका रशियन कुटुंबावरच्या खटल्याचं कारण काढून आयोगाचे ६० लाख डॉलर अडवले. त्याच महिन्यात आल्दाना यांची मुदत संपली आणि कॉन्सुएलो पोरास आल्या. एका महिन्यात दोन आधार गेले, आणि दोन्ही आयुक्ताच्या हातातले नव्हते.

३१ ऑगस्ट २०१८ ला मोरालेस पाठीशी गणवेशातले लष्करी आणि पोलीस अधिकारी उभे करून म्हणाले की मुदतवाढ नाही. त्या दिवशी आयोगाच्या कार्यालयासमोरून लष्करी जीप गेल्या. चार दिवसांनी वेलास्केस परदेशात असतानाच त्यांना परत यायला बंदी झाली. शेवटचं वर्ष आयुक्ताने देशाबाहेरून कारभार पाहिला. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने करार २४ तासांत संपवल्याची नोटीस दिली. घटना न्यायालयाने तीही रोखली, पण तोवर परदेशी कर्मचाऱ्यांना देश सोडावा लागला होता. न्यायालयाचा निकाल बाजूने आणि दार बंद, अशा अवस्थेत जे कार्यालय चालवतात त्यांना कुठल्या व्यवस्थापन अभ्यासक्रमात हे शिकवलेलं नसतं.

३ सप्टेंबर २०१९ ला आयोग बंद झाला. बारा वर्षांत १२० हून अधिक प्रकरणं, ७० हून अधिक गुन्हेगारी जाळी, सुमारे ४०० जणांना शिक्षा. शेजारच्या होंडुरासमध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने याच धर्तीवर काढलेला आयोगही जानेवारी २०२० मध्ये मुदतवाढीअभावी गुंडाळला गेला.

अशा पदासाठी मुलाखतीला जाणाऱ्याने पगार आणि सुरक्षेबद्दल विचारावंच. पण त्याआधी कराराची प्रत मागून तीन ओळी शोधाव्यात. मुदतवाढ कोण देतं? ज्याच्या सहीशिवाय आपला एकही कागद कोर्टात जात नाही तो माणूस कधी बदलणार आहे? आणि आपल्या शेवटच्या दिवशी फाइली कुणाच्या कपाटात असतील? पहिल्या दोन ओळींवर सिसिगचे आयुक्त हरले. तिसऱ्या ओळीवर ते किती जिंकले, यावर माझं अजून एकमत होत नाही, स्वतःशीच.

फाइली फेसीच्या कपाटात गेल्या. २३ जुलै २०२१ ला पोरास यांनी फेसीचे प्रमुख हुआन फ्रान्सिस्को सान्दोव्हाल यांना बडतर्फ केलं. त्याच रात्री ते सरहद्द ओलांडून एल साल्वादोरमध्ये गेले. आल्दाना यांना त्याआधीच अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला होता. उच्च जोखीम न्यायालयातला ला लिनेआचा खटला मात्र थांबला नाही. ७ डिसेंबर २०२२ ला पेरेस मोलिना आणि बाल्देत्ती यांना प्रत्येकी १६ वर्षांची शिक्षा झाली. फिर्यादी पक्षाच्या कागदांवर शिक्का फेसीचा होता. पुढच्याच महिन्यात फेसीने आणखी एका कारवाईची घोषणा केली. या वेळी नाव होतं इव्हान वेलास्केस यांचं. ते तेव्हा कोलंबियाचे संरक्षणमंत्री होते.